अर्ध्या तासाची लोड टेस्ट

"लाईटचा प्रॉब्लेम आहे, साहेब," मी म्हणालो.

रणधीर बर्गे हेडफोन गळ्यात अडकवून खुर्चीत रेलला होता. कोरेगावातून साताऱ्याकडे निघालं की रस्त्याला लागूनच त्याचा दुमजली बंगला होता आणि मागं उसाच्या रोपांची नर्सरी. नर्सरी गडी बघायचे. हा दुपारचं जेवून कॉम्प्युटरपुढं बसायचा तो दिवेलागणीलाच उठायचा. लढाईचा एक गेम होता, त्यात हा कुठल्याशा पथकाचा म्होरक्या होता. तो गेम दहा-बारा मिनिटांनी बंद पडायचा. पडदा काळा व्हायचा आणि गेम गायब. ते बघायला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून मला पाठवलं होतं.

"लाईटचा म्हणजे?"

"घरात एकदम लोड आला की कॉम्प्युटरला झटका बसतो. पाण्याची मोटर, गिझर, मिक्सर, असलं काही चालू झालं की."

आत स्वयंपाकघरात मिक्सर फिरत होता. रणधीरनं मान वळवून तिकडं बघितलं. मिक्सर थांबला, भांड्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या, तरी तो तिकडंच बघत होता. मला वाटलं, चटणीचा वास आवडला असेल. मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला आणि निघालो.

लाईटचा काही संबंध नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. कॉम्प्युटरच्या डब्यात ग्राफिक्स कार्ड म्हणून एक भाग असतो, गेममधली सगळी चित्रं तो काढतो. त्याचा वेग कंपनी ठरवून देते, पण एक छोटा प्रोग्रॅम टाकला की पट्टी सरकवून तो वाढवता येतो. लोक व्हिडिओ बघतात आणि वाढवतात. मग पहिली दहा मिनिटं गेम झकास चालतो, पुढं कार्डाला तो वेग झेपत नाही आणि गेम कोसळतो. उपाय सोपा असतो. पट्टी मागं ओढायची. थोडा वेग जातो, पण नुसत्या डोळ्यांना तो फरक कळतसुद्धा नाही.

रणधीरच्या कॉम्प्युटरवर ती पट्टी दीडशे मेगाहर्ट्झनं पुढं होती. ती त्यानंच सरकवली होती, कारण त्या घरात त्या खुर्चीला दुसरं कुणी हात लावत नव्हतं. मी पट्टी बघितली, हे त्यानं बघितलं. मी गुपचूप ती शून्यावर आणली आणि लाईटचं नाव घेतलं.

ही आमच्या दुकानाची रीत होती. मालक शिराळकरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "मुलाणी, गिऱ्हाइकाची चूक गिऱ्हाइकाला दाखवायची नाही. त्याला कमीपणा वाटतो, मग तो दुसऱ्या दुकानात जातो. लाईटवर ढकलायचं. लाईट काही आपल्याशी भांडायला येत नाही." कीबोर्डवर चहा सांडलेला असो, नाही तर कुणी हार्ड डिस्क आपटलेली असो, आम्ही मान हलवत लाईटला बोल लावायचो आणि गिऱ्हाईक हसत घरी जायचं. चार वर्षांत मी हे इतक्यांदा बोललो होतो की आपण खोटं बोलतोय असं मला वाटायचंही बंद झालं होतं.

तीन आठवड्यांनी त्याचा परत फोन आला.

"पडतोय परत. ये," एवढंच म्हणाला. त्याचा आवाज कधी चढत नसे. आरडाओरडा करणारी गिऱ्हाइकं मी पुष्कळ बघितली होती, त्यांची मला भीती वाटायची नाही. याच्या त्या मऊ बोलण्याची मात्र वाटायची.

मी साडेतीनच्या सुमाराला पोचलो. एप्रिलचा महिना, बाहेर डांबर वितळत होतं, आणि बंगल्यात एकही पंखा चालू नव्हता. दिवाणखान्यात पाऊल टाकलं तेव्हा आधी ती शांतताच जाणवली. फ्रिजची घरघर नाही, टीव्ही नाही. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर त्यांची सहा वर्षांची मुलगी, शर्वी, वही मांडीवर घेऊन घामाघूम बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

भिंतीवरच्या बटणांवर लाल चिकटपट्ट्या मारल्या होत्या. पंख्याचं बटण, गिझरचं, मोटरचं, सगळ्यांवर. स्वयंपाकघराच्या दारातून मला आतलं दिसत होतं. रणधीरची बायको, वृषालीवहिनी, जमिनीवर चौघडी पोतं घालून त्यावर खलबत्त्यात काही तरी कुटत होत्या. कुटतानाही आवाज होऊ नये म्हणून त्या बत्ता उचलत नव्हत्या, नुसता दाबून फिरवत होत्या. तेही डाव्या हातानं. उजव्या मनगटाला फडकं बांधलं होतं आणि त्याच्या कडेनं हळद दिसत होती.

अजून मला नीट काही उमगलं नव्हतं, पण त्या लाल पट्ट्यांशी आपला काही तरी संबंध आहे, एवढं कळलं होतं.

कॉम्प्युटर तेवढा चालू होता. मी खुर्चीत बसलो आणि तो प्रोग्रॅम उघडला. पट्टी परत पुढं होती. या खेपेला एकशे सत्तरवर.

तेवढ्यात रणधीरचा मोबाईल वाजला. रोपांची गाडी कुठं तरी अडकली होती. बोलत बोलत तो बाहेर पोर्चमध्ये गेला. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तांब्या टेबलावर ठेवताना त्या खाली बघूनच बोलल्या.

"भाऊ, लाईटनंच बंद पडतं का ओ हे?"

मी माऊसवरचा हात काढला.

"तुम्ही सांगून गेल्यापास्नं मी मिक्सर लावलाच न्हाई. तरी पडलं. मग हे म्हणले फ्रिजनं पडतंय. फ्रिज बंद केला. मग गिझर, मग मोटर. आता पाणी आडातनं वढून आणती." त्यांनी पोर्चकडं एक नजर टाकली. "परवा शर्वीला उकडत हुतं म्हणून मी दोन मिनिटं पंखा लावला. तवाच पडलं नेमकं."

त्यांनी फडकं बांधलेला हात पदराखाली घेतला.

तीन आठवड्यांपूर्वी रणधीर त्या मिक्सरकडं इतका वेळ का बघत होता, ते आत्ता मला कळलं. मी याच खुर्चीत बसून त्याला एक यादी दिली होती. मोटर, गिझर, मिक्सर. त्यानं ती यादी पाठ केली होती आणि मग स्वतः तीत भर घातली होती.

"वहिनी," मी म्हणालो. "लाईटचा संबंध नाही. मी खोटं बोललो होतो."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही, आणि मग पोर्चमधला आवाज थांबला तशा त्या तांब्या तिथंच टाकून आत गेल्या.

रणधीर येऊन माझ्या मागं उभा राहिला. त्याचा श्वास माझ्या डोक्यावर लागत होता. "सापडलं?"

पट्टी पडद्यावर उघडीच होती. एकशे सत्तर. आता काय बोलायचं? तुम्हीच वाढवलंय म्हटलं तर त्याचा कमीपणा, आणि मी गेल्यावर तो कुणाकडून वसूल होणार, हे सांगायला नको. लाईट म्हटलं तर त्या घरात आता बंद करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी तसा शूर माणूस नाही, आजही नाही. माझ्याकडं एकच विद्या होती, चूक दुसऱ्या कुणावर तरी ढकलायची. तेवढ्यावरच मी विचार केला.

"साहेब, माझी चूक झाली," मी म्हणालो. "मागच्या वेळी कार्डाचा वेग माझ्याकडून वाढलेला राहिला. लाईटचा काही संबंध नाही. मीच चुकीचं सांगितलं."

त्याला माहीत होतं की मी खोटं बोलतोय. पट्टी कुणी ओढली, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? मी वळून बघितलं तर तो गालात हसत होता. माझं खोटं त्याला आवडलं होतं.

"ऊठ," तो म्हणाला.

मी उठलो. त्यानं शांतपणे एक ठेवून दिली. कानात शिट्टी वाजली आणि डोळ्यांत पाणी आलं. जिन्यावर शर्वीनं वहीत तोंड घातलं.

"आता नीट कर," तो म्हणाला.

मी नीट केलं. या खेपेला पट्टी शून्यावर ठेवली नाही, मूळ वेगापेक्षा चाळीसनं खाली आणली. उन्हाळ्यात कार्ड तापतं, म्हणून. शिवाय कीबोर्डवरची एक कळ बांधून ठेवली. ती दाबली की वेग आणखी पन्नासनं उतरणार. ही आमची नेहमीची तजवीज, टेस्टच्या वेळी कामाला येते.

"साहेब, लोड टेस्ट घेऊ," मी म्हणालो. "अर्धा तास तुम्ही गेम खेळायचा आणि घरातलं सगळं चालू ठेवायचं. पंखे, फ्रिज, मोटर, मिक्सर. तुमच्या डोळ्यांदेखत दाखवतो, लाईटनं पडत नाही म्हणून."

मला त्या लाल पट्ट्या निघायला हव्या होत्या, बाकी काही नाही. पण बोलून गेल्यावर लक्षात आलं, मी फार मोठं बोललो होतो. कार्डाचं मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. ते तापून तापून खराबही झालं असेल. मिक्सर चालू असताना गेम पडला, तर मग या बाईला कोण वाचवणार?

रणधीरनं क्षणभर विचार केला आणि स्वयंपाकघराकडं बघून म्हणाला, "वृषाली. पट्ट्या काढ सगळ्या."

त्या आल्या. नखानं एकेक पट्टी सोलून काढू लागल्या. शेवटची पट्टी बोटावर गुंडाळत त्या माझ्याकडं वळल्या.

"किती वेळ चालायचं हे?"

"अर्धा तास."

"मधी थांबवायचं न्हाई?"

"नाही. मध्ये उठायचं नाही, गेम थांबवायचा नाही. थांबवला तर पहिल्यापासून."

"आन् अर्धा तास बंद पडणार न्हाई न्हवं?"

"नाही पडणार, वहिनी."

"नक्की?"

"तुला काय करायचंय?" रणधीर म्हणाला. "लाव जा मिक्सर."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. चार वाजून सहा मिनिटं झाली होती. मग शर्वीचा हात धरून त्यांनी तिला जिन्यावरून उठवलं आणि आत नेलं. "तिथं मधी मधी नको," असं काही तरी म्हणाल्या.

गेम चालू झाला. पंखे फिरू लागले, फ्रिजनं एक उसासा टाकला, मागं मोटर घुमायला लागली. आणि मग मिक्सर. इतक्या दिवसांच्या शांततेनंतर तो आवाज अंगावर आला. रणधीरनं हेडफोन लावले, पण एका कानावरचा सरकवून ठेवला. तो नेहमी तसाच खेळायचा. एक कान घरात काय चाललंय त्याकडं.

मी बाजूला स्टूल घेऊन बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे दिसत होते, एक कार्डाचा वेग आणि एक तापमान. अडुसष्ट. एकाहत्तर. चौऱ्याहत्तर. माझं सगळं लक्ष त्या आकड्यांवर होतं. पाच मिनिटं झाली, सहा झाली.

मग मला वाटलं, हा मिक्सर फार वेळ चाललाय.

माझी आई मिक्सर लावते तेव्हा थांबून थांबून लावते. झाकण उघडते, चमच्यानं सारखं करते, परत लावते. इथं सहा मिनिटं एकसारखा आवाज येत होता. थोडा जळका वासही यायला लागला होता. मी मान लांब करून स्वयंपाकघरात बघितलं.

आत कुणी नव्हतं. मिक्सर ओट्यावर एकटाच फिरत होता. मागचं दार उघडं होतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलत होता. दाराशेजारच्या खुंटीवर मी आलो तेव्हा शाळेचं दप्तर होतं. ते आता नव्हतं.

बंगल्यापासून बसथांबा दहा मिनिटांच्या चालीवर, पेट्रोल पंपापाशी. साताऱ्याची गाडी साडेचारला. "किती वेळ चालायचं" हे त्यांनी का विचारलं होतं, ते आता समजलं. आणि "नक्की?" हेसुद्धा. मी ज्याला नक्की म्हणालो होतो, ते काहीतरी निराळंच होतं.

घड्याळात चार-चौदा.

मिक्सर असाच चालला तर जळणार, आणि आपोआप बंद पडला तर याचा तो मोकळा कान लगेच टवकारणार. "साहेब, मीटर बघून येतो," असं म्हणून मी उठलो. स्वयंपाकघरात जाऊन मी मिक्सर बंद केला, मनात दहा आकडे मोजले आणि परत लावला. झाकण उघडल्यासारखा आवाज केला. एक चमचा भांड्यावर आपटला. आयुष्यात कधी चटणी वाटली नव्हती, ती त्या दिवशी दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या बायकोच्या वाट्याची वाटत उभा होतो.

शेवटी मिक्सर बंद करून परत येऊन बसलो तेव्हा तापमान ब्याऐंशी होतं. पडद्यावरचं चित्र एकदा अडखळलं. एक सैनिक पळता पळता हवेत थांबला आणि मग पुढं गेला. गेम पडायच्या आधी असंच होतं. मी रणधीरच्या हाताखालून हात घालून ती बांधलेली कळ दाबली.

"काय केलंस?" पडद्यावरची नजर न काढता त्यानं विचारलं.

"नोंद घेतली, साहेब."

वेगाचा आकडा पन्नासनं उतरला. तापमान ब्याऐंशीच राहिलं. मग एक्क्याऐंशी. मी देवाचं नाव घेत होतो आणि देवाला मेगाहर्ट्झ कळतात की नाही याची मला शंका येत होती.

चार-वीसला तो म्हणाला, "वृषाली, चहा ठेव."

मिक्सर त्या वेळी बंद होता. घरात नुसते पंखे फिरत होते. त्यानं पुन्हा, त्याच आवाजात म्हटलं, "वृषाली." आणि त्याचा हात हेडफोनकडं गेला.

"साहेब, उठू नका, पहिल्यापासून करावं लागेल," मी म्हणालो. "वहिनी गिझर लावायला न्हाणीत गेल्यात, मीच सांगितलं होतं. मी सांगतो त्यांना." आणि उत्तराची वाट न बघता आत गेलो.

गॅसपाशी जाऊन मी थबकलो. शेगडीवर पातेलं ठेवलेलं होतं. त्यात चहापुरतं दूध-पाणी मोजून घातलेलं. शेजारी चहापत्तीचा डबा, साखरेचा डबा, गाळणी, एक कप, बशी, आणि डब्याला टेकवून लायटर. सगळं एका ओळीत. तो चहा मागणार हे त्यांना माहीत होतं. आणि तो कुणाला करावा लागणार हेही माहीत होतं. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. तीन आठवडे ज्याच्या एका वाक्यापायी त्या मार खात होत्या, त्याच माणसाच्या भरवशावर त्या लेकीला घेऊन बाहेर पडल्या होत्या.

मी शेगडी पेटवली, चहापत्ती टाकली. मला रडू आलं, ते मी चहाच्या वाफेवर ढकललं. दोन चमचे साखर घातली. एका हातानं पातेलं ढवळत दुसऱ्या हातानं मिक्सर लावला.

चहा नेऊन ठेवला तेव्हा बशीत निम्मा सांडला होता. रणधीरनं एक घोट घेतला. कप ओठांपाशीच धरून तो थांबला.

"साखर कमी हाय," तो म्हणाला.

पडद्यावर त्याच्या पथकावर कुणी तरी गोळीबार सुरू केला. त्यानं कप खाली ठेवला आणि माऊस धरला.

चार-एकतीसला रस्त्यावरून एसटी गेली. पंपापाशी थांबताना तिचे ब्रेक किंचाळलेले ऐकू आले. मग बराच वेळ काही नाही. इतका वेळ का, चढत का नाहीत, गाडी का निघत नाही? मग गिअर पडला आणि घरघर साताऱ्याच्या दिशेनं लांब गेली. मी आकड्याकडं बघितलं. एक्क्याऐंशी. गेम चालू होता.

चार-छत्तीसला अर्धा तास भरला. मी तसं काही बोललो नाही. आणखी सात मिनिटं तसाच बसून राहिलो, गाडी जितकी लांब जाईल तितकी जाऊ दे म्हणून. मग पिशवी उचलली.

"झालं, साहेब. नाही पडला."

"हं," तो म्हणाला. खेळात गुंगला होता. मी पोर्चमधून गाडी ढकलत फाटकापर्यंत नेली आणि मगच किक मारली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी तो दारात उभा होता. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता, पण शर्टाची इस्त्री कडक होती. आत येऊन त्यानं काउंटरवरचा माझा हात मनगटाला धरला आणि काचेवर दाबला.

"कधी गेली?"

"कोण, साहेब? मी स्क्रीनकडं बघत होतो."

"चहात साखर कमी हुती," तो अगदी हळू म्हणाला. "ती साखर कमी घालत न्हाई. सात वर्षांत एकदाच घातली हुती."

काच करकरली. माझ्या मनगटात काय काय मोडत चाललंय ते मला कळत होतं आणि मी बत्त्याचा तो दाबून फिरवल्याचा आवाज आठवत होतो. तेवढ्यात शिराळकर आतून चष्मा पुसत आले. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ते सवयीनं म्हणाले, "या या बर्गेसाहेब. परत लाईटचा त्रास?"

दारात दोन कॉलेजची पोरं लॅपटॉप घेऊन उभी होती. शेजारचा पानवाला वाकून बघत होता. रणधीरनं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि हात सोडला.

"येतो परत," तो मला म्हणाला.

तो परत दुकानात आला नाही. पण दर आठ-पंधरा दिवसांनी त्याची जीप समोरच्या लिंबाखाली येऊन उभी राहायची. काच वर, आत कोण आहे ते दिसायचं नाही. तासभर थांबायची आणि जायची. मनगटाचं हाड दीड महिन्यानं जुळलं, त्या जीपची भीती मात्र पुष्कळ दिवस गेली नाही. घरी जाताना मी रोज वेगळ्या गल्लीनं जायचो. आणि गिऱ्हाइकाला लाईटचं कारण सांगणं सोडलं. शिराळकर त्यावरून चिडायचे, दोन-चार गिऱ्हाइकं तुटलीही.

सात महिन्यांनी, दिवाळीच्या आदल्या दुपारी, अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मुलाणीभाऊ का? कॉम्प्युटरच्या डब्यावर तुमचं स्टिकर हुतं, त्यावरचा नंबर पाठ केला हुता."

मी उठून दुकानाच्या मागच्या खोलीत गेलो आणि दार लोटलं.

"वहिनी, कुठं आहात?"

"ते सांगत न्हाई. बरी हाय. पोरगी बरी हाय." मग म्हणाल्या, "एवढंच विचारायचं हुतं. त्या दिवशी गेम बंद पडला का ओ?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही. मी निघालो तेव्हाही चालू होता."

मग मीच म्हणालो, "वहिनी, मी लाईट म्हणालो नसतो तर हे झालं नसतं."

"झालं असतं," त्या म्हणाल्या. "लाईट न्हवती तवा भाजीतलं मीठ हुतं. मिठाच्या आधी माझ्या माहेरची माणसं हुती. ह्यांना गेमचं काय पडलं न्हवतं, भाऊ." मग त्याच सुरात म्हणाल्या, "पण तुम्ही म्हणला हुता, हे बी खरं हाय."

"हो," मी म्हणालो.

मागून शर्वीचा आवाज आला. "आई, लावू का गं?"

"लाव की," त्या म्हणाल्या.

मिक्सर सुरू झाला. त्या पुढं काही तरी बोलत होत्या, पण मला एक अक्षरही ऐकू येईना, आणि त्यांनीही तो बंद करायला सांगितला नाही. मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. मिक्सर बराच वेळ चालला होता.